दोन वर्षांचा थांबा, एका वर्षाचं तिकीट

अमेरिकेतलं कम्युनिटी कॉलेज जन्माला आलं, त्याच्या मुळाशी विद्यापीठांचा कंटाळा होता. पहिल्या दोन वर्षांचे विद्यार्थी त्यांना नकोसे झाले होते. कमी फी, घराजवळचा वर्ग, कुणालाही प्रवेश ही या कॉलेजांची आजची ओळख बरीच नंतरची. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन विद्यापीठांचे धुरीण जर्मनीकडे डोळे लावून बसले होते. तिथल्या गिम्नाझियममधून मुलगा बाहेर पडला की त्याचं सर्वसाधारण शिक्षण उरकलेलं असे आणि विद्यापीठात तो थेट संशोधनाला लागे. अमेरिकेत मात्र नामवंत प्राध्यापकांचे दिवस अठरा वर्षांच्या पोरांचे निबंध तपासण्यात जात. ही दोन वर्षं खालच्या शाळांच्या गळ्यात घालावीत, असं मिशिगन विद्यापीठाचे हेन्री टॅपन १८५०च्या दशकातच सांगू लागले होते. पुढे मिनेसोटाच्या विल्यम फॉलवेल यांनीही तेच मांडलं. दोघांचं म्हणणं कागदावरच राहिलं.

ते जमिनीवर आणलं विल्यम रेनी हार्पर यांनी. हा माणूस दहाव्या वर्षी कॉलेजात गेला, चौदाव्या वर्षी पदवीधर झाला आणि अठराव्या वर्षी येल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन मोकळा झाला. हिब्रूचे पंडित म्हणून त्यांचा लौकिक होता. जॉन डी. रॉकफेलर यांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या शिकागो विद्यापीठाचे ते पहिले अध्यक्ष. १८९२ मध्ये विद्यापीठ सुरू झालं तेव्हाच त्यांनी पदवीच्या चार वर्षांचे दोन तुकडे केले आणि १८९६ मध्ये त्यांना ज्युनियर कॉलेज आणि सीनियर कॉलेज अशी नावं दिली. (आपल्या अकरावी-बारावीच्या ज्युनियर कॉलेजशी याचा संबंध नाही, ही बारावीनंतरची दोन वर्षं.) १९०० पासून पहिला तुकडा पुरा करणाऱ्याला ‘असोसिएट’ ही छोटी पदवीही मिळू लागली. त्यामागचा हार्पर यांचा हिशेब सरळ होता. ज्याला पुढे शिकायचं नाही किंवा ज्यानं पुढे शिकू नये, त्याला दोन वर्षांनी मानानं थांबता यावं. जो खरोखर लायक आहे त्यानं पुढे जावं. म्हणजे पुढे जाण्याचा दरवाजा आणि बाहेर पडण्याचा दरवाजा एकाच ठिकाणी, एकाच दिवशी बसवले गेले. नंतरची सव्वाशे वर्षं या व्यवस्थेनं बहुतेक सगळे हिशेब त्या दोन वर्षांच्या खुणेपासूनच मांडले.

शिकागोच्या नैऋत्येला साठेक किलोमीटरवर जोलिएट हे गाव आहे. चुनखडीच्या खाणी, पोलादाचे कारखाने आणि मोठा तुरुंग अशी त्याची तेव्हाची ख्याती. तिथल्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांचा हार्पर यांच्याशी चांगला संपर्क होता. शाळा संपलेल्या मुलांना गाव न सोडता पुढचं शिकता यावं म्हणून ब्राउन यांनी १९०१ मध्ये हायस्कूलमध्येच विद्यापीठाच्या पहिल्या दोन वर्षांच्या तोडीचे वर्ग सुरू केले. पहिल्या तुकडीत सहा विद्यार्थी होते. जोलिएट ज्युनियर कॉलेज आजही चालू आहे आणि अखंड चालत आलेलं देशातलं सर्वांत जुनं सरकारी कम्युनिटी कॉलेज म्हणून ओळखलं जातं.

कल्पना इलिनॉयची असली तरी तिचं पीक आलं कॅलिफोर्नियात. १९०७ मध्ये तिथल्या राज्य सेनेटर अँथनी कॅमिनेटी यांच्या पुढाकारानं कायदा झाला आणि हायस्कुलांना विद्यापीठाच्या पहिल्या दोन वर्षांचं शिक्षण देण्याची मुभा मिळाली. मुभा मिळाली, पैसा नाही. तरीही १९१० मध्ये फ्रेझ्नोनं हे धाडस केलं. बेदाण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या शेतीच्या गावाहून बर्कलीचं विद्यापीठ जवळजवळ तीनशे किलोमीटर दूर. द्राक्षमळेवाल्याच्या घरातून मुलाला तिकडे पाठवायचं तर खोलीभाडं, खाणं, रेल्वेचं भाडं आणि मळ्यातले दोन हात कमी. १९१७ मध्ये राज्यानं अशा वर्गांना अर्थसाहाय्य द्यायला सुरुवात केली, १९२१ मध्ये स्वतंत्र ज्युनियर कॉलेज जिल्हे काढण्याचा कायदा केला आणि गावोगाव कॉलेजं उभी राहू लागली.

यातली गंमत अशी की ज्या विद्यापीठांना ही दोन वर्षं डोईजड झाली होती त्यांनी ती शेवटपर्यंत सोडली नाहीत. स्टॅनफर्डचे अध्यक्ष डेव्हिड स्टार जॉर्डन यांनी १९०७ मध्ये पहिली दोन वर्षं बंद करण्याचा आग्रह धरला, पण विश्वस्तांनी मान हलवली नाही. हार्पर १९०६ मध्येच वारले होते. शिकागोनंही आपला ज्युनियर विभाग कुणाला देऊन टाकला नाही. परिणाम असा झाला की एकाच अभ्यासक्रमाच्या दोन जागा तयार झाल्या. एक विद्यापीठात, एक गावात. गावातून निघालेल्या विद्यार्थ्यानं विद्यापीठात नेमकं कुठल्या पायरीवर उतरायचं, हा प्रश्न तेव्हापासूनचा.

त्याचं उत्तर मिळालं ते प्राध्यापकांच्या पेन्शनमधून! अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ मध्ये कॉलेजच्या प्राध्यापकांना निवृत्तिवेतन देण्यासाठी मोठी देणगी दिली. पण ‘कॉलेज’ म्हणायचं कशाला? त्या काळी कुणीही पाटी लावून कॉलेज काढत होतं. कार्नेगी फाउंडेशननं अट घातली : ज्या संस्थेत प्रवेशासाठी हायस्कूलची चौदा युनिटं लागतात तेच खरं कॉलेज. एक युनिट म्हणजे वर्षभरात एका विषयाचे सुमारे १२० तास. पेन्शन हवी म्हणून संस्थांनी भराभर ही मोजणी उचलली आणि कॉलेजांच्या वर्गांतही तासांवरून क्रेडिट मोजण्याची रीत पक्की झाली. आठवड्याला तीन तासांचा विषय सत्रभर घेतला की तीन क्रेडिटं. पदवीला साधारण १२०. निम्म्यावर ६०, वर्षाला ३०. विद्यार्थी काय शिकला याच्याऐवजी किती तास बसला हे मोजणारं हे नाणं निदान एका गावचं दुसऱ्या गावी चालेल अशी अपेक्षा होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर सगळ्याचा आकारच बदलला. १९४४च्या जीआय बिलाच्या आधारानं सुमारे २२ लाख माजी सैनिक कॉलेजांच्या दारात आले. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी जॉर्ज झूक यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगानं देशभर मोफत दोन वर्षांच्या कॉलेजांचं जाळं विणण्याची शिफारस केली आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव त्या अहवालामुळे सर्वतोमुखी झालं. साठच्या दशकात तर सरासरीनं जवळपास दर आठवड्याला एक नवं कॉलेज उघडत होतं.

१९६० साल या इतिहासात दोनदा येतं. पहिल्यांदा कॅलिफोर्नियाच्या ‘मास्टर प्लॅन’साठी. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे अध्यक्ष क्लार्क कर हे त्याचे मुख्य शिल्पकार. ‘टाइम’ साप्ताहिकानं त्यांना त्या वर्षी मुखपृष्ठावर घेतलं. योजनेनं राज्यातल्या मुलांच्या तीन रांगा लावल्या. हायस्कूलमधल्या वरच्या साडेबारा टक्क्यांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक तृतीयांशांना राज्य महाविद्यालयं, बाकी सर्वांना कम्युनिटी कॉलेज. त्याआधी विद्यापीठात वरचे सुमारे पंधरा टक्के आणि राज्य महाविद्यालयांत निम्मे जात असत. म्हणजे वरचे दोन्ही दरवाजे अरुंद झाले. त्याची भरपाई म्हणून दोन वर्षांनी बदली करून येणाऱ्यांना जागा राखायची होती : विद्यापीठातले साठ टक्के पदवी विद्यार्थी तिसऱ्या-चौथ्या वर्षांचे असावेत आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षांचे चाळीसच, असं प्रमाण ठरलं. ‘आता नाही, दोन वर्षांनी या’ हे आश्वासन इथे राज्याचं धोरण झालं.

त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला आणि त्यानं या आश्वासनाचं अस्तर उलटून दाखवलं. क्लार्क यांनी सॅन होजेच्या ज्युनियर कॉलेजचा बारकाईनं अभ्यास केला होता. तिथे आलेल्या मुलांपैकी बहुतेकांना विद्यापीठात जायचं असे. प्रत्यक्षात जाणारे थोडे. मग बाकीच्यांचं काय होत होतं? क्लार्क यांनी ती पद्धत टप्प्याटप्प्यानं मांडली. आधी प्रवेशाच्या वेळी चाचणी. तिचे गुण कमी आले की साध्या इंग्रजी-गणिताचे पूर्वतयारीचे वर्ग. मग काउन्सेलरशी भेट, तीत ‘तुझ्या आवडीनिवडी’ आणि ‘तुझे गुण’ शेजारीशेजारी ठेवले जात. मग स्वतःची पारख करायला लावणारा एक सक्तीचा तास. शेवटी प्रोबेशनची नोटीस. कुणी नापास म्हणून हाकललं नाही. मुलगा आपणहून इंजिनिअरिंगच्या जागी ड्राफ्ट्समनच्या कोर्सला गेला. क्लार्क यांनी या प्रक्रियेला दिलेलं ‘थंड करणं’ हे नाव समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांच्याकडून आलं होतं. ठगांच्या टोळीत एक जण मागे राहतो आणि लुबाडलेल्या माणसाची समजूत काढून त्याला थंड करतो, असं गॉफमन यांनी लिहिलं होतं. कॉलेजं ठग आहेत असा क्लार्क यांचा आरोप नव्हता. सगळ्यांना आशा दाखवणाऱ्या आणि थोड्यांनाच जागा देणाऱ्या समाजाला असं एखादं ठिकाण लागतंच, असं त्यांचं म्हणणं होतं.

म्हणून कम्युनिटी कॉलेजात पाऊल ठेवताच ‘मी इथे वर्षभरच आहे’ असं ठरवणाऱ्या मुलाकडे वेगळ्या नजरेनं पाहावं लागतं. त्याला असोसिएट पदवी नको असते, काउन्सेलरची समजूतही नको असते. बारावीत आजारपण निघालं, घरचा पैसा त्या वर्षी पुरला नाही, हव्या विद्यापीठानं नाकारलं, अशी कारणं घेऊन तो येतो आणि झालेलं नुकसान एका वर्षात भरून काढायला बघतो.

व्यवस्था त्याला कुठे अडवते हे पाहायला कॅलिफोर्नियाचं वेळापत्रकच पुरेसं आहे. कॉलेज ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतं. पुढच्या वर्षीच्या प्रवेशासाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे अर्ज नोव्हेंबरअखेर बंद होतात. म्हणजे वर्षभरानं निघायचं ठरवलेल्या मुलानं अर्ज करायचा तेव्हा त्याच्या पहिल्या सत्राची परीक्षाही पुरी झालेली नसते. कॉलेजचे गुण नाहीत, म्हणून जिथे अशा अर्जाचा विचार होतो तिथे वजन पडतं ते हायस्कूलच्या गुणांचं. जे गुण पुसायला तो इथे आला, तेच पुन्हा समोर. विद्यापीठाचा जुना नियमही याच धाटणीचा होता. हायस्कूलच्या गुणांवर जो आधीच पात्र ठरला असता त्याला ‘सी’ सरासरीवर लवकर बदली मागता येई. जो पात्र नव्हता त्याला आधी जवळपास दोन वर्षांची युनिटं आणि २.४ची सरासरी दाखवावी लागे. आता प्राधान्य उघडपणे साठ युनिटं पुरी करून तिसऱ्या वर्षाला येणाऱ्यांचं आहे, दुसऱ्या वर्षासाठी जागा क्वचितच निघतात.

मोजणीतही एक पाचर आहे. कूपरटिनोच्या डी अँझा कॉलेजात वर्षाचे भाग तिमाहीनं पडतात, बर्कलीत सहामाहीनं. तिमाहीचं एक युनिट सहामाहीच्या दोन तृतीयांश भरतं. डी अँझात वर्षभर राबून मिळवलेली ४५ युनिटं बर्कलीच्या दप्तरात ३० होतात. ती ३० तरी पूर्ण कामाची असतात असं नाही. मानसशास्त्राच्या प्राथमिक कोर्सला सामान्य शिक्षणात जागा मिळते. कॅल्क्युलसचा दोन भागांतला पहिला भाग झाला आणि दुसरा राहिला, तर विद्यापीठाचे भाग वेगळ्या ठिकाणी तुटत असल्यानं कधी अर्धा कोर्स पुन्हा करावा लागतो. आणि ज्याला जोडीदार सापडत नाही असा कोर्स ‘इलेक्टिव्ह’ म्हणून जमा होतो. ट्रान्सक्रिप्टवर तो दिसतो, पदवीच्या अटीत धरला जात नाही.

डी अँझाचंच एक उदाहरण जगाला ठाऊक आहे. स्टीव्ह वॉझनिअ‍ॅक १९६८ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात गेला. परराज्याची फी घरच्यांना जड होती आणि संगणकावर त्यानं चालवलेल्या प्रोग्रॅमांचं बिल विभागाच्या डोक्यावर बसलं. वर्षभरात तो घरी परतला आणि १९६९ मध्ये डी अँझात दाखल झाला. कॉलेज उघडून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. तिथे एक वर्ष, मग नोकरीत एक वर्ष, मग १९७१ मध्ये बर्कली. तिथूनही तो पदवी न घेता बाहेर पडला, १९७६ मध्ये ‘अ‍ॅपल’चा सहसंस्थापक झाला आणि १९८६ मध्ये बर्कलीची पदवी पुरी केली. त्यासाठी नाव नोंदवलं होतं रॉकी रकून क्लार्क. पाठ्यपुस्तकात शोभेल असा मार्ग पाहायचा तर आयलीन कॉलिन्सचा : न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजातून १९७६ मध्ये असोसिएट पदवी, तिथून सिरॅक्यूज विद्यापीठ, १९७८ मध्ये पदवी. पुढे १९९९ मध्ये स्पेस शटलची कमांडर झालेली ती पहिली स्त्री. हार्पर यांना कॉलिन्सचा आराखडा ओळखीचा वाटला असता, वॉझनिअ‍ॅकचा नक्कीच नाही.

बदली करून आलेली मुलं विद्यापीठात टिकतात का, हा संशय जुना. १९६५ मध्ये जॉन हिल्स यांनी आधीच्या अभ्यासांचा धांडोळा घेतला. पहिल्या सत्रात या मुलांचे गुण घसरतात आणि पुढे बहुतेक वेळा सावरतात, असं त्यांना दिसलं. या घसरणीला त्यांनी ‘ट्रान्सफर शॉक’ म्हटलं. त्याच वर्षी डोरोथी नोएल आणि लेलँड मेडस्कर यांनी दहा राज्यांतल्या सात हजारांवर विद्यार्थ्यांचा माग काढला. संस्थांनी आपसात अभ्यासक्रम जुळवून घेतले नाहीत, तर विद्यार्थ्यांची कुवत असूनही त्यांचं नुकसान होतं, हा त्यांच्या कामाचा रोख होता.

मग राज्यांनी जुळवाजुळव हाती घेतली. फ्लोरिडानं १९७१ मध्ये राज्यभर लागू होणारा करार केला आणि पुढे सगळ्या सरकारी कॉलेजांतल्या समान कोर्सांना समान क्रमांक दिले. कॅलिफोर्नियात १९८५ पासून ‘असिस्ट’ या संगणकीय यादीत कुठला कोर्स कुठे चालतो हे पाहता येतं. मात्र याच काळात फुकट शिक्षणाचं पर्व संपलं : मालमत्ता कर आवळणारं १९७८चं ‘प्रपोझिशन १३’ आलं आणि १९८४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांनी पहिल्यांदा सत्राला जास्तीत जास्त पन्नास डॉलर फी लावली. २०१० मध्ये बदलीसाठीच आखलेली असोसिएट पदवी आली. ती हातात असली की राज्य विद्यापीठात (म्हणजे पूर्वीच्या राज्य महाविद्यालयांत) तिसऱ्या वर्षाला जागा नक्की आणि उरलेली पदवी साठ युनिटांत. ही सगळी हमी साठ युनिटांच्या पलीकडे. तीस युनिटं घेऊन निघालेल्याला तिचा उपयोग नाही.

सुटी क्रेडिटं घेऊन फिरणाऱ्यांचं काय होतं, त्याचा अंदाज अमेरिकी संसदेसाठी हिशेब तपासणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिसनं २०१७ मध्ये दिला. २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिटं वाटेत गळाली. यात सगळ्या प्रकारच्या बदल्या येतात आणि नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी कॉलेजांतून निघालेल्यांची स्थिती अधिक वाईट होती. तरी आकडा बोलका आहे. कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्यांपैकी ऐंशी टक्क्यांच्या आसपास मुलं पदवीचं मनात धरून येतात; सुमारे एक तृतीयांश चार वर्षांच्या संस्थेपर्यंत पोचतात आणि सहा वर्षांत पदवी हातात पडते ती जेमतेम सोळा टक्क्यांच्या.

मराठी वाचकाला यातलं बरंच काही परकं वाटू नये. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसणारी मुलं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहेत. पण ती वाट डिप्लोमा पुरा झाल्यावरच उघडते. एक वर्ष पॉलिटेक्निकात काढून त्या वर्षाचे विषय इंजिनिअरिंगला जमा करून घेण्याची सोय तीत नाही. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं मात्र वर्षाच्या टप्प्यावर बोट ठेवलं : एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, आणि क्रेडिटं जमा ठेवायला २०२१ पासून अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स. बँकेत क्रेडिट जमा होणं आणि दुसऱ्या विद्यापीठानं ते पदवीच्या अटीत धरणं यांतलं अंतर अमेरिकेत शंभर वर्षांत बुजलेलं नाही, हे आपल्या विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी ध्यानात घेण्याजोगं आहे.

सिलिकॉन व्हॅलीतल्या मराठी घरांत डी अँझा आणि फूटहिल या कम्युनिटी कॉलेजांची नावं सरावाची आहेत. मुलाला पहिल्या फेरीत मनासारखं विद्यापीठ मिळालं नाही की दोन वर्षं तिथे काढून बर्कलीला जाण्याचा बेत आखला जातो. या बेतात दोन वर्षं मोजून धरलेली असतात, कारण तिथल्या पालकांनी नियम वाचलेले असतात.

क्रेडिटं जुळवण्याच्या प्रश्नाला अलीकडे दोन राज्यांनी दोन वेगळी उत्तरं दिली आहेत. कॅलिफोर्नियानं २०२१ मध्ये केलेल्या कायद्यातून ‘कॅल-जेटेक’ हा ३४ युनिटांचा सामाईक पाया तयार झाला. तो २०२५च्या शरद सत्रापासून लागू झाला आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया व राज्य विद्यापीठ या दोन्हीकडे चालतो. पूर्वी दोघांसाठी वेगळ्या याद्या सांभाळाव्या लागत. गोंधळ कमी झाला; बदलीची खूण मात्र साठ युनिटांवरच राहिली. व्हर्जिनियानं २०१८ च्या कायद्यात निराळा विचार केला. तिथे एका सत्राचा किमान पंधरा क्रेडिटांचा ‘पासपोर्ट’ आणि एका वर्षाचं किमान तीस क्रेडिटांचं सामान्य शिक्षणाचं प्रमाणपत्र असे दोन छोटे गठ्ठे बांधून दिले आहेत आणि राज्यातल्या सरकारी विद्यापीठांनी ते सामान्य शिक्षणाच्या अटींत धरावेत अशी अपेक्षा आहे. प्रवेशाची हमी त्यात नाही. प्रवेश मिळालाच तर वर्षभराचं काम कुठे जमा होणार, एवढं निघण्यापूर्वी कळतं. रिचमंड किंवा नॉरफोकच्या कम्युनिटी कॉलेजात आज पहिल्या वर्षाला नाव घातलेल्या मुलीला तीस क्रेडिटांनंतर दाखवायला कागद मिळतो. फ्रेझ्नोतल्या तिच्या वयाच्या मुलीला त्यासाठी अजून तेवढीच तीस मिळवावी लागतात.